दोन पावलांमधलं लेड

अण्णांच्या दुधाच्या हिशोबाच्या डायऱ्या घरात कधी कोणी उघडून बघितल्या नव्हत्या. बघण्यासारखं काय असतं त्यात? तारीख, 'गाय एक', 'म्हैस अर्धा', एखाद्या दिवशी 'आला नाही', आणि महिनाअखेरीस बेरजेखाली दोन रेघा. गेल्या दिवाळीला पोटमाळा आवरताना सात-आठ वर्षांच्या डायऱ्यांचा गठ्ठा हाती लागला. रद्दीत टाकण्याआधी सहज चाळायला बसले आणि तिथेच बसून राहिले.

पहिल्या डायरीतली 'म्हैस' चांगली ऐसपैस होती. अण्णा शिरोरेषा शब्द पुरा झाल्यावर एका झटक्यात ओढत, त्यामुळे ती शेवटच्या अक्षराच्या पुढे जरा डोकावायची. चौथ्या डायरीत ती डोकावेनाशी झाली. पाचवीत ओळीची सुरुवात नेहमीसारखी, पण उजवीकडे जाता जाता अक्षर आकसत गेलेलं. सहावीत तर 'म्हैस' म्हणजे मुंगी. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ती तारीख सातव्या डायरीतली आहे. म्हणजे तीन वर्षं अण्णांच्या हातानंच रोज सकाळी त्या आजाराची नोंद होत होती, आणि आम्ही फक्त दुधाचे पैसे बघत होतो.

बाकीच्या खुणाही होत्या, पण त्या आम्ही भलत्याच खाती टाकल्या होत्या. उजवा खांदा आखडला, तो वयाच्या खाती. त्याच्यावर सहा महिने शेक आणि व्यायाम झाले. बारीक अक्षर चष्म्याच्या खाती, नंबर बदलून आणला. चेहरा कोरा दिसायला लागला तो आईनं सरळ 'यांचा राग' या खाती टाकला, आणि ते खातं आमच्याकडे पूर्वीपासून चालू होतं. फोडणी करपून घरभर धूर झाला तरी अण्णा सोफ्यावर ढिम्म, हेही त्याच खाती. वास न येणं हे या दुखण्यात कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं, हे आम्हाला कुठे माहीत? चालताना त्यांचा उजवा हात हलत नाही हे कळलं ते भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत. मांडवातून ते चालत येतायत, डावा हात मागे-पुढे, उजवा अंगाला चिकटलेला, जणू काखेत वर्तमानपत्र धरलंय.

पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टकडे आम्ही हौसेनं एमआरआय काढून नेला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला. म्हणाले, "काका, अंगठा आणि तर्जनी, अशी चिमटी उघडा-मिटा. मोठी, भरभर." पहिल्या दोन चिमट्या मोठ्या झाल्या, चौथी त्याहून लहान, दहावीला बोटं नुसती एकमेकांशी कुजबुजत होती. मग त्यांनी अण्णांचं मनगट धरून हात हळूहळू वळवून बघितला. दातेरी चाक फिरताना अडकतं-सुटतं, तसा तो हात अडकत-सुटत होता. दारापर्यंत चालून यायला सांगितलं. एवढ्यावर निदान. पार्किन्सन्स, कंपवात.

आई म्हणाली, "पण यांचा हात कुठे थरथरतो?"

सगळ्यांचा थरथरत नाही, असं उत्तर आलं. कंपवात या नावाचा माझा तेव्हापासून जरा रागच आहे. जे ठळक दिसतं तेवढंच त्या नावानं पकडलं, आणि जे हळूच कमी होत जातं ते सुटून गेलं. इंग्रजीतही सुरुवात अशीच झाली. जेम्स पार्किन्सन हा लंडनच्या हॉक्स्टन भागातला डॉक्टर. त्यानं 1817 साली एक छोटं पुस्तक काढलं, तेही 'थरथरणाऱ्या लकव्या'बद्दल. त्यात सहा माणसांची वर्णनं आहेत, आणि त्यातली काही त्यानं नुसती रस्त्यावर पाहिलेली आहेत. एका छपराखाली राहून, रोज एका ताटलीतल्या भाकरीचे तुकडे मोडून आम्हाला जे दिसलं नाही ते त्याला येता-जाता दिसलं.

निदान झाल्यावर नातेवाइकांची पहिली प्रतिक्रिया म्हणजे अशक्तपणा. बदाम आले, खारका आल्या, कोणी च्यवनप्राश पाठवला. आता अण्णांच्या ताकदीला खरं तर काहीच झालेलं नाही. लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण आजही घरात तेच उघडतात. फक्त बरणीपर्यंत हात जायला वेळ लागतो. हे कोडं मला सुटता सुटत नव्हतं. शेवटी ते सुटलं ते अण्णांच्याच छापखान्यात.

अण्णा साताऱ्यात एका छापखान्यात जुळारी होते. कंपोझिटर. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे काम, एकतीस वर्षं. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, समोर उतरत्या घोडीवर लाकडी केस, तिच्यात खणच खण. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं असं सगळं वेगळं लागायचं, त्यामुळे खणांची गणती इंग्रजीच्या कितीतरी पुढे. शाळा सुटली की मी तिथे स्टुलावर बसून गृहपाठ करायचे. अण्णांची नजर समोरच्या हस्तलिखितावर असायची, आणि उजवा हात कोंबडी दाणे टिपते तसा खणाखणांतून खिळे टिपत राहायचा. हाताकडे ते बघत नसत. मी एकदा विचारलं होतं, 'ज्ञ' कुठे असतो? त्यांना सांगता येईना. म्हणाले, "थांब, हाताला विचारतो," आणि डोळे मिटून हात नेला. बरोब्बर 'ज्ञ'.

आता तो एक 'ज्ञ' उचलायला काय काय लागतं बघा. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हेअरबँड लावावा तशी मेंदूच्या पृष्ठभागावर एक पट्टी असते, शरीराला हालचालीचे हुकूम देणारी. तिच्यात सगळं अंग मांडलेलं असतं, पण मापात नाही. पाठ आणि पोटाला टिचभर जागा आणि बोटांना, ओठांना, जिभेला ऐसपैस. उजव्या हाताचा हुकूम डाव्या बाजूनं निघतो, मेंदूच्या देठाशी आल्यावर बहुतेक तंतू बाजू बदलतात आणि मज्जारज्जूतून मानेपर्यंत उतरतात. तिथे दुसरी पेशी तो हुकूम उचलते आणि हातभर लांब तंतूनं स्नायूपर्यंत पोचवते. टोकाला रसायनाचा एक थेंब सुटतो, स्नायू आखडतो, बोट वळतं. सगळ्यांत जलद तंतूंतून हा निरोप सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास जातो. ही वाट आपल्याला शाळेत शिकवतात. आणि अण्णांची ही वाट अथपासून इतिपर्यंत शाबूत आहे. तार धड, स्नायू धड. मग अडलंय कुठे?

छापखान्यात मजकूर जुळला, गॅलीत (ओळी ठेवायच्या तबकात) बसला, प्रूफ निघालं, चुका दुरुस्त झाल्या, फर्मा (बांधलेल्या पानांचा चौकोन) मशीनवर चढला, तरी मशीन फिरत नसे. मालक प्रुफावर 'छापा' म्हणून सही करत, मग ट्रेडलवाला पाय हलवायचा. मालकांचा स्वभाव मूळचा 'नाही' म्हणण्याचा. सही होईपर्यंत सगळं थांबलेलं. मेंदूच्या पोटात, खोल, बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे काही पुंजके आहेत, ते या मालकांसारखे. ते हालचाल करत नाहीत. ते हालचाली अडवून धरतात. एका क्षणी शरीरात शेकडो हालचाली होऊ बघत असतात. खाजवावं, उठावं, मान वळवावी, जांभई द्यावी. या सगळ्यांना एकदम परवानगी मिळाली तर माणूस कठपुतळीसारखा नाचेल. म्हणून हे पुंजके एरवी ब्रेक दाबून बसतात आणि हवी तेवढीच एक हालचाल मोकळी सोडतात. ती सोडताना केवढी सोडायची, किती जोरानं, हेही तिथेच ठरतं.

आणि ती सही करायला जी शाई लागते ती डोपामिन. शाई तयार होते शेजारच्याच एका काळ्या पट्ट्यात. सबस्टॅन्शिया नायग्रा हे त्याचं लॅटिन नाव, अर्थ सरळ 'काळा पदार्थ'. मेंदूचा आडवा छेद घेतला तर तो पट्टा साध्या डोळ्यांनाही दिसतो. या आजारात तो फिकट होत जातो. हालचाली मंदावल्याचं आपल्या लक्षात येतं तोवर तिथल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. एवढा वेळ मेंदू उरल्यासुरल्या शाईत भागवत असतो. मग सही फिकी पडायला लागते. मशीन फिरतं, पण अर्ध्या जोरानं. चिमटी उघडते, पण अर्धी. 'म्हैस' उमटते, पण मुंगीएवढी. गंमत म्हणजे, लिहिणाऱ्याला ती मोठीच वाटत असते. मी अण्णांना विचारलं होतं, अक्षर बारीक का काढता? ते म्हणाले, "मी तर नेहमीसारखंच काढतो."

कॅनडात मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड नावाचे मेंदूचे सर्जन होते. ते रुग्णाला जागं ठेवून मेंदूची शस्त्रक्रिया करत, कारण खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. त्या हेअरबँडच्या पट्टीला त्यांनी विजेची बारीक तार लावली की रुग्णाचा हात उचलला जायचा. आणि रुग्ण म्हणायचा, हे मी नाही केलं, तुम्ही केलंत. अण्णांच्या बाबतीत याच्या उलट झालंय. ते म्हणतात, "मी उचलतोय की," आणि पाय जमिनीवरून हलत नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर. आमचं घर जुनं, उंबरठा दोन बोटं उंच. अण्णा हॉलमधून नीट चालत आले आणि उंबऱ्याशी पाय जमिनीला खिळले. वरचं अंग पुढे निघालेलं, पाय मागे. टाचा उचलून नुसतं जागच्या जागी तुडवणं. मी मागून म्हणाले, "अण्णा, चला ना." ते म्हणाले, "मी उचलतोय की." मी जरा ढकललं, जे कधीही करू नये. पडता पडता वाचले. तेच अण्णा दुपारी गच्चीचा पंधरा पायऱ्यांचा जिना कठडा धरून सरसर चढून गेले. आईला वाटलं, सोंग आहे. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं.

या सोंगाच्या आरोपाबद्दल थोडं बोललंच पाहिजे. 'मनावर घ्या हो', 'इच्छाशक्ती हवी', हे अण्णांना रोज कोणी ना कोणी ऐकवतं. बोलणाऱ्याला वाटतं, मन म्हणजे स्टिअरिंग आणि शरीर म्हणजे गाडी. प्रत्यक्षात आपण दिवसभर जे चालतो, वळतो, चहाचा कप उचलतो ते मनावर घेऊन करतच नाही. ते आपोआप होतं. हे 'आपोआप' ज्या खात्यात चालतं, नेमकं तेच खातं अण्णांचं बंद पडलंय. त्यामुळे ते आता जे काही करतात ते मनावर घेऊनच करतात. एकेक पाऊल, एकेक बटण, एकेक घास. त्यांच्याइतकं मनावर घेणारा माणूस आमच्या घराण्यात दुसरा नाही.

मग फिजिओथेरपिस्ट ताई यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पर्समधून पिवळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि हॉलपासून उंबऱ्यापर्यंत दीड-दीड फुटावर आडव्या पट्ट्या चिकटवल्या. अण्णांना म्हणाल्या, "चालायचं नाही काका. फक्त पट्टी ओलांडायची." अण्णांनी पहिली पट्टी ओलांडली. दुसरी. तिसरी. उंबरठाही त्याच ओघात पार पडला. आई कढईत उलथनं तसंच ठेवून बघत राहिली.

अण्णांनी मागे वळून (वळणं हे आणखी वेगळं संकट, पण तेव्हा जमलं) पट्ट्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे दोन पावलांत लेड घातलं की."

लेड म्हणजे शिशाची पातळ पट्टी. दोन ओळी एकमेकींवर चढू नयेत म्हणून मध्ये घालायची. अण्णांचं वाक्य ताईंना कळलं नाही, मला कळलं.

रेघांची ही किमया तशी जुनी आहे. लंडनच्या जेम्स पर्डन मार्टिन यांनी 1960 च्या दशकात हे टिपून ठेवलंय की जमिनीवर आडव्या रेघा आखल्या की असे थिजलेले रुग्ण चालायला लागतात. उभ्या रेघांचा असा उपयोग होत नाही. कारण साधारण असं सांगतात की मेंदूत हालचाल सुरू करायच्या वाटा एकाहून जास्त आहेत. एक आतून निघणारी: मनात आलं, निघालो. ती मालकांच्या सहीवाली, आणि तीच खचलीये. दुसरी बाहेरून निघणारी: डोळ्यांना काही दिसलं आणि त्याच्या बेतानं पाय पडला. या वाटेत दृष्टीचा भाग आणि लहान मेंदू यांचं काम मोठं. लहान मेंदू नावालाच लहान. मेंदूतल्या सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी 6,900 कोटी एकट्या त्याच्यात आहेत. जिन्याची पायरी ही आयती आखून दिलेली रेघच, म्हणून जिना सोपा आणि गुळगुळीत टाइल्सचा हॉल अवघड. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2010 साली 58 वर्षांच्या एका रुग्णाची हकिगत छापली होती. त्याला चार पावलं धड टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवलं की तो तोल सांभाळत, वळणं घेत मजेत चालवायचा. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे चमकले. आईनं तिथल्या तिथे सांगितलं, साताऱ्याचे चढ डच लोकांना माहीत नाहीत.

गोळ्या अर्थातच चालू आहेत, आणि त्यांची कथा आपल्या मातीतून जाते, म्हणून सांगते. सर्पगंधा आपल्याकडे फार जुनी. तिच्या मुळीतून रेसरपिन नावाचं औषध निघालं, रक्तदाबावर आणि मनोविकारांवर ते वापरात आलं. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं तेव्हा ससे जागच्या जागी दगड झाले, कान पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. मग त्यांनी लेव्होडोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, टोचलं आणि थोड्या वेळात ससे पुन्हा उड्या मारू लागले. हे 1957 चं. हालचालीला डोपामिन लागतं हे तिथून उजेडात आलं, आणि 2000 साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. डोपामिनच का नाही देत गोळीतून? कारण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरतं, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

आणि हेच लेव्होडोपा खाजकुहिलीच्या बियांत असतं! पावसाळ्यानंतर आमच्या डोंगरउतारावर तिच्या लवदार शेंगा लटकतात. अण्णांनी लहानपणी एका मुलाच्या सदऱ्यात ती कुस टाकून मास्तरांचा मार खाल्लेला आहे. आयुर्वेदात हेच कवचबीज. एका वनस्पतीनं ससे थिजले, दुसरीच्या बियांत त्यांना सोडवणारं औषध, आणि दोन्ही आपल्या ओळखीच्या. ही बातमी गल्लीत फुटल्यावर एका काकांनी किलोभर कवचबीज पावडर आणून दिली. डॉक्टर म्हणाले, बी खरी आहे, पण चमच्यात किती औषध आलं हे कसं मोजणार? डबा अजून फडताळात आहे.

गोळी चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. डाळ, दूध, अंडं यांतली प्रथिनं आत शिरायच्या दारात लेव्होडोपाशी धक्काबुक्की करतात, म्हणून गोळी आधी, जेवण नंतर. आमच्या घरात वेळ आता घड्याळात सांगत नाहीत. 'गोळी चढल्यावर अंघोळ', 'गोळी उतरायच्या आत बँक'. गोळी चढली की अण्णा बोलतात, भाजी निवडतात, क्रिकेटवर चिडतात. उतरत आली की चेहऱ्यावरून कोणी हात फिरवून सगळं पुसल्यासारखं होतं. आईचा आणखी एक नियम आहे, चालताना बोलायचं नाही. चालणं आता 'आपोआप'च्या खात्यातून निघून लक्ष देण्याच्या खात्यात आलंय, आणि त्या खात्यात शिल्लक बेताची. कोणी मध्येच 'अण्णा, जेवलात का?' विचारलं की पाय थांबतात.

डायऱ्या सापडल्या त्या दिवशी संध्याकाळी मी पोवई नाक्यावरून दुरेघी वही आणली. पहिलीतली मुलं अक्षर घोटतात ती. अण्णांनी आधी तोंड वाकडं केलं. मग चष्मा चढवला आणि लिहिलं, 'म्हैस अर्धा'. दोन रेघांच्या मध्ये अक्षर ताठ बसलं, वरच्या रेघेला टेकून, खालच्या रेघेला टेकून. शिरोरेषा शेवटी ओढली. थोडी पुढे डोकावली. त्या वहीत आता हिशोब चालतो. फक्त पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या बाजूला त्यांनी गॅसवाल्याचा नंबर लिहिलाय, तो मला भिंग लावून वाचावा लागला.

मागच्या मुक्कामात रात्री दोनला जाग आली. अण्णा बाथरूमला निघाले होते, आई सोबत. पॅसेजमधल्या पट्ट्या रोजच्या पुसण्यानं कधीच्या उखडल्यात, मी नवीन लावीन लावीन म्हणते. झिरोचा दिवा तेवढा जळत होता. दाराशी अण्णांचे पाय थिजले. मी उठणार तेवढ्यात आईनं आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं टाकलं. "हं, ओलांडा." अण्णांनी तिचं पाऊल ओलांडलं आणि पुढे गेले.

सकाळी मी तिला विचारलं, हे ताईंनी शिकवलं का?

"ताईंनी कशाला?" आई म्हणाली. "एकदा चिडून आडवा घातला होता, म्हटलं बघू आता कसे जातात ते. तर गेले."